विडियाची टीप बोथट झाली म्हणून फेकू नका : लेथवरच्या लाकूडकामाविषयी वाचकांचे प्रश्न

लाकडाच्या लेथसाठी, म्हणजे लाकूड गोल फिरवून कापण्याच्या यंत्रासाठी, कार्बाइड टिपेची हत्यारे आता हौशी मंडळींपासून खेळणी बनवणाऱ्या कारागिरांपर्यंत सगळ्यांच्या हातात दिसतात. वर्कशॉपच्या भाषेत हीच ‘विडिया’. या हत्यारांबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. धारेच्या प्रश्नाला सर्वात जास्त जागा दिली आहे, कारण निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ तिथेच निघाले.

छोट्या लेथबरोबर कार्बाइडची तीन हत्यारे घेतली : चौकोनी, गोल आणि टोकदार. दुकानदार म्हणतो की टीप बोथट झाली की नवी लावायची, तिला धार लागत नाही. ग्राइंडरच्या पांढऱ्या चाकावर लावून पाहिली तर टीप तशीच राहिली आणि चाकालाच खाच पडली. खरेच धार लागत नाही का?
*– हौशी कारागीर, पुणे*

लागते, आणि ती घरच्या घरी पाच-दहा मिनिटांत लागते. फक्त ग्राइंडरचे पांढरे किंवा करडे चाक त्या कामाचे नाही. ते चाक अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे असते. पोलादासाठी ते उत्तम, पण टंगस्टन कार्बाइड जवळपास त्याच्याइतकेच कठीण असल्याने चाकच झिजते. कार्बाइडवर खऱ्या अर्थाने चालतो तो हिरा. म्हणून ग्राइंडर बाजूला ठेवा आणि सपाट डायमंड प्लेट, म्हणजे हिऱ्याचे बारीक कण बसवलेली पट्टी, घ्या. ६०० आणि १२०० ग्रिटच्या दोन प्लेटा पुरतात (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितके कण बारीक). दोन्ही बाजूंना वेगळे ग्रिट असलेली एकच प्लेट मिळाली तर आणखी सोयीचे.

आधी टीप खरोखर बोथट झाली आहे का ते पाहा. चौकोनी टिपेला चार धारा असतात. एक गेली की स्क्रू सैल करून टीप पाव फेरा फिरवली की नवी धार समोर येते. गोल टीप दर वेळी साधारण ३० ते ४५ अंश फिरवा, म्हणजे एका टिपेत आठ ते बारा जागा मिळतात. कुठून सुरुवात केली ते कळावे म्हणून वरच्या बाजूवर परमनंट मार्करचा ठिपका द्या. ही खूण नसेल तर गोल टिपेची वापरलेली जागा दुसऱ्यांदा समोर येते आणि ‘नवी धारही चालत नाही’ असा समज होतो. सगळ्या जागा वापरून झाल्या की मग प्लेट काढायची.

धार गेल्याची लक्षणे अशी. ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागतो, हत्यार लोटावे लागते आणि लाकूड चिरकते. टीप दिव्याखाली धरून धारेकडे सरळ पाहा. चांगली धार दिसतच नाही, बोथट धार बारीक चकचकीत रेघ होऊन चमकते.

आता कृती. स्क्रू काढून टीप वेगळी करा. तिच्यावर चिकटलेला डिंक आणि राळ केरोसीन किंवा थिनरमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने काढा. वरच्या सपाट बाजूवर मार्करने पूर्ण शाई फासा. प्लेट ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे ती सरकणार नाही. तिच्यावर पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विड साबणाचा एक थेंब टाका. टीप वरची बाजू खाली करून ठेवा आणि बोटाने हलका दाब देत गोल-गोल किंवा इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवा. ६०० ग्रिटवर २० ते ३० फेरे झाले की टीप पुसून शाई बघा. कडेपर्यंत शाई गेली असेल तर पुढच्या प्लेटवर जा. कडेला शाईची रेघ उरली असेल तर काम अपुरे आहे, कारण धार कडेलाच असते. मधला भाग चकचकीत दिसला म्हणून फसू नका. मग १२०० वर आणखी २० फेरे, पाण्याने धुणे, पुसणे. बस.

छोटी टीप बोटातून निसटते. त्यासाठी १० मिलिमीटर जाडीच्या लाकडी खुंटीला दुहेरी चिकटपट्टी लावून त्यावर टीप चिकटवा. कार्बाइडचे कण बांधून ठेवणाऱ्या कोबाल्ट धातूमुळे टीप चुंबकाला चिकटते, त्यामुळे जोरदार चुंबकही मुठीसारखा वापरता येतो. पण प्लेटचा पाया पोलादी असेल तर चुंबक टिपेसकट प्लेटलाच बसतो आणि हात चालत नाही. तिथे खुंटीच बरी.

वरचीच बाजू का घासायची आणि खालचा तिरपा उतार का नाही, हेही सांगायला हवे. धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे भेटतात ती रेघ. त्यातला वरचा सपाट आहे, तो प्लेटवर आपोआप सपाट राहतो. खालचा उतार गोल टिपेवर शंकूच्या आकाराचा असतो. तो हाताने घासायला गेलात तर गोलाईला पैलू पडतात आणि लाकडावर त्याच्या रेघा उमटतात.

मात्र लाकडात झीज बहुतेक उताराच्या बाजूला होते. तिथे झिजलेला पट्टा ०.०५ मिलिमीटर उंचीचा असेल, तर वरून तेवढीच जाडी काढल्याशिवाय कोरी धार येत नाही. ६०० ग्रिटच्या प्लेटवर हाताने ०.०५ मिलिमीटर काढायला बराच वेळ लागतो. म्हणून कोणतीही जागा पार मरेपर्यंत वापरू नका. थोडी मंदावली की टीप फिरवा, आणि सगळ्या जागा झाल्या की लगेच दहा-पंधरा फेरे द्या. फारच बोथट झाली असेल तर ३२५ ग्रिटने सुरुवात करा आणि मग ६००, १२०० असे जा. ३२५ ग्रिटचे हिऱ्याचे कण सुमारे ४५ मायक्रॉनचे, ६०० चे २५ आणि १२०० चे ९ मायक्रॉनचे असतात. त्यामुळे मधली पायरी गाळली तर जाड ओरखडे धारेवर तसेच राहतात आणि धार करवतीसारखी दातेरी होते.

टीप यात लहान होते का? होते, पण नगण्य. उतार ३० अंशांचा धरला तर वरून ०.१ मिलिमीटर काढल्यावर गोल टिपेची त्रिज्या जेमतेम ०.०६ मिलिमीटरने घटते. टीप बाद करायची वेळ येते ती स्क्रूमुळे. जाडी कमी होत गेली की स्क्रूचे डोके टिपेच्या वर येते आणि ढलप्या तिथे अडकू लागतात. तोपर्यंत ती खुशाल वापरा. कोपरा तुटला असेल किंवा डोळ्यांना दिसेल असा टवका गेला असेल तर मात्र घासत बसू नका. तेवढी जाडी हाताने निघत नाही.

हे सगळे सपाट माथ्याच्या टिपेबद्दल झाले. वाटीसारखा खोलगट माथा असलेली टीप सपाट प्लेटवर घासली तर तिचा कापण्याचा कोनच बदलतो. ती फिरवून वापरायची आणि संपली की बदलायची.

एक गोष्ट कृपया टाळू नका. घासणे नेहमी ओलेच करा. कार्बाइडची कोरडी धूळ फुप्फुसांना घातक असते. कोबाल्टसह टंगस्टन कार्बाइड कर्करोगाला ‘बहुधा कारणीभूत’ असलेल्या पदार्थांच्या गटात असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००६ मध्ये प्रसिद्ध केले आहे. प्लेटवरचा करडा राप कागदाने ओला असतानाच पुसा, कागद पिशवीत बांधून टाका, हात साबणाने धुवा. फडक्याने पुसून ते फडके वर्कशॉपमध्ये वाळत घालू नका.

लाकडी फळे आणि खेळणी बनवतो. घरची पोलादी हत्यारे आहेत, रोज चार वेळा धार लावावी लागते. कार्बाइडची गोल टीप घेऊन पाहिली. धार टिकते, पण पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडावर लव उभी राहते आणि त्यावर लाख नीट बसत नाही. काय चुकते?
*– कारागीर, सावंतवाडी*

तुमचे चुकत नाही, हत्याराचा स्वभावच तसा आहे. पटाशीसारखे तिरपे धरलेले पोलादी हत्यार लाकडाचा तंतू सोलून काढते. त्याची धार साधारण २५ ते ४० अंशांची असते. सपाट कार्बाइड टीप खरवडते. तिची धार ६० अंशांच्या आसपास असते आणि ती तंतूला जवळजवळ काटकोनात भेटते. शिसव, बाभूळ, चिंच अशा घट्ट लाकडात तंतू जागच्या जागी तुटतो, म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत येतो. पांगारा किंवा सावरीत तंतू तुटण्याआधी वाकतो, टीप पुढे गेली की पुन्हा उभा राहतो. तीच तुमची लव.

आमचे स्पष्ट मत असे की लाटणे, खेळण्यांचे खांब, भोवरे अशा, तंतू लांबीने जाणाऱ्या मऊ लाकडाच्या कामात शेवटचा हात पोलादी हत्याराचाच असावा. तुमच्या हाताला जे वळण आहे ते सोडू नका. कार्बाइडला काम द्या ते चौकोनी तुकडा गोल करण्याचे, गाठी खरवडण्याचे, डबीच्या आतला भाग पोखरण्याचे आणि सागाचे. सागात सिलिका असते, त्यामुळे पोलादाची धार तिथे लवकर मरते. तिथे कार्बाइडने तुमचा खरा वेळ वाचतो.

तरीही मऊ लाकडावर कार्बाइडनेच शेवट करायचा असेल तर चार गोष्टी एकत्र करा. नुकती घासलेली धार लावा. गोल दांड्याचे हत्यार असेल तर ते रेस्टवर (हत्यार टेकवायच्या लेथच्या पट्टीवर) ४५ अंशांपर्यंत कलते करा, म्हणजे टीप खरवडण्याऐवजी तिरपी सोलू लागते. कलवताना टिपेचा खालचा अर्धा भागच लाकडाला लागू द्या, वरची कड लागली की हत्यार ओढले जाते. शेवटच्या दोन हातांत ०.२ ते ०.३ मिलिमीटरपेक्षा जास्त घेऊ नका, आणि हात जाड भागाकडून बारीक भागाकडे चालवा. त्याआधी लाकडाला चपडीचा पातळ हात द्या : १०० मिलिलिटर डिनेचर्ड स्पिरिटमध्ये १० ते १२ ग्रॅम चपडी. अर्ध्या तासात ती वाळते, तंतू ताठ होतात आणि मग टीप त्यांना स्वच्छ तोडते. पुढे १२०, १८० आणि २४० नंबरचा पॉलिश पेपर.

चपडी लाखेचीच असल्याने वर चढवायच्या लाखेशी तिचा झगडा नसतो. पण ती पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर लाखेची कांडी दाबली तर घर्षणाच्या उष्णतेने आतली वाफ वर येते आणि रंगाला फोड येतात.

आंब्याच्या लाकडाचा वाडगा करतो. बाहेरची बाजू छान होते, आत गेलो की हत्यार एकदम खेचले जाते. एकदा वाडगाच चकमधून (लाकूड धरणाऱ्या जबड्यांतून) निसटला. टीप नवी आहे.
*– वाचक, रत्नागिरी*

टीप नवी असणे इथे मदतीचे नाही, उलट खेच जास्त बसते. कारण उंचीत आहे. लेथवर लाकूड आपल्या बाजूला वरून खाली येते, त्यामुळे ते टिपेला सतत खाली दाबते. टीप दाबली गेल्यावर कुठे जाते, हा सगळा प्रश्न.

बाहेरच्या बाजूला टीप केंद्राच्या रेषेवर, म्हणजे लाकूड ज्या मध्याभोवती फिरते त्याच्या उंचीवर, असेल आणि खाली दबली, तर गोलाई तिच्यापासून दूर जाते. काप आपोआप हलका होतो. टीप केंद्राच्या वर असेल तर दबताना ती जाड भागाकडे सरकते आणि रुतते. आतल्या बाजूला हे नेमके उलटे होते. तिथे केंद्राखाली गेलेली टीप भिंतीत शिरते. म्हणून बाहेर काम करताना टीप केंद्रावर किंवा केसभर खाली, आणि आत काम करताना केंद्राच्या २ ते ३ मिलिमीटर वर ठेवा. बुडाच्या मधोमध पोहोचलात की पुन्हा बरोबर केंद्रावर या, नाहीतर मध्ये बोंडासारखा उंचवटा राहतो. बाहेरच्या कामासाठी लावलेली रेस्टची उंची आत तशीच ठेवणे, ही या कामातली सर्वात सामान्य चूक आहे.

दुसरी चूक गाऊज, म्हणजे पन्हळीसारखे खोलगट पोलादी हत्यार, वापरणाऱ्यांकडून होते. गाऊजची मूठ खाली धरून तिची पाठ लाकडावर टेकवायची सवय हाताला असते. कार्बाइडच्या टिपेला टेकायला पाठ नाही. मूठ खाली गेली की टीप वर तोंड करते आणि लाकडात चावते. हत्यार जमिनीला समांतर ठेवा. टिपेकडे थोडा उतार चालेल, चढ अजिबात नको.

तिसरे, रेस्ट वाडग्याच्या आत जितकी जाईल तितकी न्या. १२ मिलिमीटर चौरस दांडा रेस्टच्या पुढे ७५, फार तर १०० मिलिमीटर असावा. त्याहून खोल जायचे तर १६ मिलिमीटरचा दांडा आणि लांब मूठ हवी. गोल टिपेचा एक तृतीयांशाहून जास्त घेर एका वेळी लाकडाला लागू देऊ नका. वाडग्याच्या आतला वळसा टिपेच्या गोलाईशी जुळत गेला की नकळत अर्धी टीप लागते, तिथे जोर नको. थोडे घ्या, डावी-उजवीकडे झाडल्यासारखे सरका.

वेगाचे गणित सोपे आहे. व्यास इंचांत घ्या, त्याला आरपीएमने (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी) गुणा. उत्तर ६००० ते ९००० मध्ये यावे. ८ इंची वाडग्याला हे साधारण ७५० ते ११०० पडते. लाकूड अजून ओबडधोबड आणि असमतोल असेल तर याच्या निम्म्याने सुरुवात करा. वाडगा निसटू शकतो हे गृहीत धरून चेहऱ्यावर पूर्ण शील्ड लावाच, नुसता चष्मा पुरत नाही.

आमचे मेटल टर्निंगचे वर्कशॉप आहे. जुन्या ब्रेझ केलेल्या (दांड्याला डाख देऊन पक्क्या बसवलेल्या) विडिया टिपा आणि सीएनसीचे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राचे, इन्सर्ट (सुट्या टिपा) भरपूर पडून आहेत. लाकडाला चालतील का?
*– वर्कशॉपमालक, कोल्हापूर*

काही चालतील, बरेचसे नाही. आधी खोक्यावरचा रंग बघा. निळा म्हणजे पी गट, पोलादासाठीचा. लाल म्हणजे के गट, बिडासाठीचा. हिरवा म्हणजे एन गट, अ‍ॅल्युमिनियमसारख्या धातूंसाठीचा. लाकडाला के आणि एन चांगले. पी गटात चिवटपणा आणि उष्णता सोसणे याला महत्त्व असते, लाकडाला लागणारी सुईसारखी धार त्यावर टिकत नाही.

सीएनसी इन्सर्टमध्ये अडचण धारेची असते. पोलादासाठीच्या इन्सर्टची धार तुटू नये म्हणून कारखान्यातच मुद्दाम बोथट केलेली असते, वर सोनेरी किंवा काळा कोटिंगचा थर असतो. लाकडाला ही धार दाबते, कापत नाही. इन्सर्टच्या नावातले दुसरे आणि तिसरे अक्षर वाचा. दुसरे ‘एन’ असेल तर खाली उतारच नाही, ते लाकडाला घासत राहील. ‘सी’ असेल तर ७ अंश उतार आहे. तिसरे ‘एम’ म्हणजे साच्यातून आलेले, ‘जी’ म्हणजे कडा ग्राइंड केलेल्या. त्यामुळे सीसीएमटी बाजूला ठेवा. अ‍ॅल्युमिनियमसाठी पॉलिश केलेले, बिनकोटिंगचे सीसीजीटी किंवा गोल आरसीजीटी लाकडावर सुरेख चालतात. त्यांचा माथा आत वळलेला असल्याने ते आक्रमक कापतात, म्हणून हात हलका ठेवा. याच वळणामुळे ते प्लेटवर घासून धार लावता येत नाहीत. मुंबईकर वाचकांना असे इन्सर्ट नागदेवी स्ट्रीटच्या टूलवाल्यांकडे सुटे मिळू शकतील.

ब्रेझ केलेल्या टिपेला लाकडासाठी नवा कोन द्यावा लागतो. मेटलसाठी तिच्या खाली ६-७ अंशांचाच उतार असतो, लाकडाला २० ते ३० अंश हवा. प्रथम टिपेखालचे पोलाद साध्या चाकावर मागे सारून घ्या, मगच कार्बाइडला हात घाला. डायमंड व्हीलला पोलाद लागू देऊ नका. तापलेल्या लोखंडात हिऱ्याचा कार्बन विरतो आणि व्हील लवकर मरते. मोठा भाग काढायला ८० ते १२० ग्रिटचे हिरवे सिलिकॉन कार्बाइड चाक चालते, पण ते धार खरबरीत सोडते. शेवट डायमंडवरच करा.

आणि पोलादाची सवय इथे महागात पडते : टीप तापली की पाण्यात बुडवणे. कार्बाइड आणि पोलाद यांचे आकुंचन सारखे नसते. गरम टीप पाण्यात गेली की केसासारख्या चिरा पडतात. त्या दिसत नाहीत, पण पुढच्या कामात टवका तिथूनच उडतो. टीप हवेत निवू द्या, किंवा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओलेच ग्राइंड करा. हे काम मास्कशिवाय आणि धूळ ओढणाऱ्या पंख्याशिवाय करू नये.

चौकोनी टिपेचे कोपरे सारखे तुटतात. महिन्यात दुसरी टीप गेली.
*– सुतार, नाशिक*

टिपेखालची बैठक, म्हणजे दांड्यावर टीप बसते ती जागा, तपासा. कार्बाइड कठीण आहे तितकेच ठिसूळ आहे. तिच्याखाली भुश्याचा एक कण किंवा धातूची कूस राहिली आणि वरून स्क्रू आवळला, तर टीप आधीच वाकवलेल्या अवस्थेत कामाला लागते. दर वेळी टीप फिरवताना बैठक ब्रशने साफ करा. स्क्रू बोटांनी घट्ट झाल्यावर किल्लीने पाव फेरा पुरे.

बैठक ठीक असेल तर मग पुढच्या शंका : जुन्या दारा-खिडक्यांच्या लाकडात खिळे राहिले असतील, टीप चकच्या जबड्याला लागली असेल, किंवा हत्यार रेस्टवर टेकण्याआधीच लाकडाला भिडवले जात असेल. आधी रेस्ट, मग लाकूड. हत्यारे ड्रॉवरमध्ये एकमेकांवर टाकू नका, टीप टिपेवर आपटली तरी कोपरा जातो.

चौरस तुकडा गोल करताना १४ मिलिमीटरची पूर्ण धार एकदम घुसवू नका, निम्मी रुंदी वापरा. काटकोनी कोपऱ्याऐवजी थोडी गोलाई दिलेल्या कोपऱ्याची टीप मिळते. खाच काढायची नसेल तेव्हा तीच वापरा.

दांडा घरीच बनवायचा आहे. मापे द्याल का?
*– आयटीआय विद्यार्थी, सांगली*

१२ मिलिमीटर चौरस दांडा घ्या, लांबी २५० मिलिमीटर. साधे माइल्ड स्टील चालते, ईएन-८ (मध्यम कार्बनचे पोलाद) अधिक दणकट. १४ × १४ × २ मिलिमीटरच्या टिपेसाठी टोकाला २ मिलिमीटरपेक्षा किंचित कमी खोल बैठक मिलिंगवर काढा. टिपेचा माथा दांड्याच्या वर किंचित यावा, खाली गेला तर ढलप्या अडतात. टीप दांड्यापेक्षा रुंद असल्याने दोन्ही बाजूंना साधारण १ मिलिमीटर बाहेर येईल, तेवढे हवेच.

एम-४ (४ मिलिमीटर व्यासाच्या) स्क्रूसाठी ३.३ मिलिमीटरचे भोक पाडून टॅप मारा, म्हणजे आत आटे पाडा. स्क्रूचे माप आधी टिपेच्या भोकात बसवून पाहा, सगळ्या टिपा एम-४ च्या नसतात. भोक टिपेच्या मधोमध पाडण्याऐवजी ०.१ ते ०.२ मिलिमीटर मागे, खांद्याच्या (बैठकीच्या मागच्या उभ्या भिंतीच्या) बाजूला घ्या. स्क्रू आवळताना टीप खांद्यावर ओढली जाते आणि कामात हलत नाही. उलट बाजूला घेतलेत तर खांद्याशी फट राहते आणि सगळा भार एकट्या स्क्रूवर येतो. मागचा कोपरा खांद्याच्या आतल्या कोनात अडू नये म्हणून तिथे २ मिलिमीटरच्या ड्रिलने छोटी मोकळीक द्या.

टिपेच्या खालचे दांड्याचे नाक ३० ते ३५ अंशांत मागे उतरवा. ते टिपेच्या पुढे जरासे जरी राहिले तर लाकडाला धातू घासतो आणि धार चांगली असूनही कापत नाही. दांडा ७५ मिलिमीटर मुठीत इपॉक्सीने बसवा. मूठ ३५० ते ४०० मिलिमीटर लांब, बाभळीची किंवा सागाची, तोंडाशी पितळी किंवा लोखंडी कडे असलेली असावी. कडे नसेल तर पहिल्या मोठ्या खेचीला मूठ उभी फाटते.

नारळाच्या करवंटीच्या वाट्या आणि माडाच्या लाकडाच्या मुठी करतो. कोणती टीप घ्यावी?
*– वाचक, मालवण*

दोन्हीला कार्बाइडच योग्य. माडाच्या लाकडात गडद रंगाच्या कठीण शिरा आणि त्यांच्यामध्ये मऊ गर असतो. बोथट टीप गर उपसते आणि शिरा उभ्या ठेवते, त्यामुळे इथे धार वरचेवर ताजी करावी लागते. लाकूड खोडाच्या बाहेरच्या भागातलेच घ्या, आतले फार भुसभुशीत असते. करवंटीला गोल टीप आणि अगदी हलका हात. करवंटी पूर्ण गोल नसल्याने काप सुरुवातीला तुटक लागतो, घाईने टीप पुढे लोटली तर कड तडकते. करवंटीची धूळ फार बारीक असते, एन-९५ मास्क लावा.

रेझिनची पेने करतो. सपाट टिपेने कडेचे तुकडे उडतात.
*– मराठी वाचक, न्यू जर्सी*

निगेटिव्ह रेक टीप घ्या. तिच्या माथ्याला धारेजवळ खाली झुकणारा दुसरा उतार असतो, त्यामुळे ती रेझिनमध्ये चावत नाही, अलगद खरवडते. ती मिळेपर्यंत साध्या टिपेची मूठ १० ते १५ अंश वर उचलून धरा, परिणाम तसाच होतो. मात्र रेस्ट तेवढी वर घ्या, कारण मूठ उचलली की टीप केंद्राच्या खाली जाते. पाऊण इंची पेनाला २५०० ते ३००० आरपीएम ठीक. रिबिनीसारखे लांब धागे निघत असतील तर धार आणि वेग दोन्ही बरोबर आहेत. भुकटी पडू लागली तर टीप फिरवा. निगेटिव्ह रेक टिपेचा माथा प्लेटवर घासू नका, तो झुकता उतारच निघून जाईल.